आधी भिजवायचं

वर्कशॉपमध्ये नवीन माणूस आला की बाकीचे विचारायचे, गाव कुठलं, लग्न झालंय का, साहेबाच्या ओळखीनं लागलास का. अण्णा विचारायचा, "कापडं कोण धुतंय तुझी?"

मलाही पहिल्याच दिवशी विचारलं. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि खाकीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी म्हटलं, बायको धुते. तर म्हणतो, "तिला सांग, झटकायची नाहीत. आधी भिजवायची, मग धुवायची. सांगशील ना?" ओळख ना पाळख, आणि हा गडी थेट माझ्या बायकोच्या धुण्यापर्यंत पोचला. त्याच्या पिकलेल्या केसांकडं बघून मी गप्प बसलो, नाहीतर पहिल्याच दिवशी हातघाईवर आलो असतो.

त्याला तोंडावर आम्ही अण्णा म्हणायचो, अहो-जाहो करायचो. पाठीमागं सगळे अरे-तुरेच. जिभेला तीच सवय लागलीय, आता या वयात बदलत नाही. पाठीमागं त्याचं नाव होतं डाकू, कारण बारा महिने तोंडाला ओला पंचा. नळावर जाऊन पंचा भिजवायचा, पिळायचा, नाकातोंडावर बांधायचा, अर्ध्या तासानं वाळला की परत नळ. फोरमन म्हणायचा, याचा अर्धा पगार पाणी पिळण्याचा आहे. अण्णा म्हणायचा, "आणि तुमचा अख्खा फुंकण्याचा."

फुंकणं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमची वर्कशॉप लष्कराची, पण आम्ही सैनिक नाही. सिव्हिलियन. मोशीसारख्या जवळच्या गावांतले, आणि अण्णासारखे लांब मराठवाड्यातून आलेले. खाकी अंगावर, पण सलाम ठोकायचा आम्ही, आम्हाला कुणी ठोकत नसे. लष्कराचे मोठे ट्रक दुरुस्तीला यायचे आणि आमच्या शेडमध्ये त्यांचे ब्रेक व्हायचे. चाक काढलं, ड्रम उघडला, की आत ड्रमला घासून झिजलेल्या लायनरचा करडा भुगा साचलेला असायचा, अगदी भस्मासारखा मऊ. त्या काळी ते लायनर अॅस्बेस्टॉसचे असायचे. हा भुगा साफ कसा करायचा? कॉम्प्रेसरची हवेची नळी घ्यायची आणि मारायची हवा. एक फुत्कार, की ड्रम लखलखीत. भुगा कुठं जायचा, ते आम्ही कधी बघितलं नाही. सकाळचं ऊन पत्र्याच्या फटीतून तिरकं आत आलं की दिसायचा, हवेत तरंगत. मला तेव्हा ते बघायला छान वाटायचं. खोटं कशाला बोलू.

अण्णा हवा मारत नसे. ओलं फडकं घेऊन ड्रम पुसत बसायचा. आमचे चार ड्रम व्हायचे तेव्हा त्याचा एक. भांडणं व्हायची त्यावरून. शिवाय त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर एक सळई उभी, आणि सळईला पांढरा दोरा. दोरा कुठं उडतोय त्यावरून हा आपलं स्टूल हलवायचा. वाऱ्याची दिशा बदलली की काम हातात घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला. जेवणाचा डबा शेडमध्ये ठेवायचा नाही, बाहेर लिंबाच्या फांदीला टांगायचा. दोनदा कावळ्यांनी त्याची भाकरी पळवली आणि दोन्ही वेळा हा उपाशी राहिला, पण डबा आत आणला नाही. कुणी घासातला घास देऊ केला तर म्हणायचा, "तुमच्या घासावर काय बसलंय ते तुम्हाला दिसंना, मला दिसायलंय."

आमच्याकडं धुळीच्या कामाला गूळ मिळायचा. सुपारीएवढा खडा, ज्याच्या-त्याच्या हातावर. गूळ खाल्ला की छातीतली धूळ चिकटून पोटात उतरते आणि सकाळी निघून जाते, असं आम्हाला आमच्या आधीच्यांनी सांगितलं होतं आणि त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. आमचा देवावर नव्हता एवढा विश्वास त्या गुळावर. मी तर दोन खडे खायचो. अण्णा आपला खडा नेऊन लिंबाखाली मुंग्यांना टाकायचा. एकदा मी म्हटलं, "अण्णा, अहो खात का नाही? औषध आहे ते." तर म्हणाला, "गूळ जातो पोटात आणि धूळ जाते छातीत. दोघांची गाठ कुठं पडायची? मुंग्यांचं तरी पोट भरतंय." शेडमधले हसले. मीही हसलो आणि खडा तोंडात टाकला.

साहेब लोक गणवेशातले, दर दोन-तीन वर्षांनी बदलणारे. वाईट नव्हते, पण त्यांना ट्रक वेळेवर बाहेर काढायचा असायचा. मोठी तपासणी असली की स्टोअरमधून मास्क निघायचे, नवेकोरे, रबराचा वास येणारे. तपासणी झाली की संध्याकाळी मोजून परत. एका वर्षी अण्णानं मास्क परत दिला नाही. मेमो आला, खुलासा द्या. यानं खाली लिहिलं, 'मास्क परत केलेला नाही. श्वास अजून चालू आहे.' तो कागद ऑफिसातून फिरत फिरत कुठवर गेला कोण जाणे, पण एक दिवस तरुण साहेब स्वतः शेडमध्ये आला, अण्णासमोर उभा राहिला, आणि काही न बोलता निघून गेला. मास्क मात्र अण्णाकडंच राहिला. त्यानंतर त्याला चेव चढला. एका पत्र्यावर पांढऱ्या रंगानं 'फुंकू नका, पुसा' असं लिहून त्यानं तो शेडच्या दारावर टांगला. पुढच्या तपासणीला पाहुण्यांना काय वाटेल म्हणून तो उतरवला गेला. पत्रा आम्ही गळकं छप्पर झाकायला वापरला, अक्षरं आतल्या बाजूनं. मान वर केली की दिसायची. आम्ही मान वर करत नव्हतो.

आता मूळ गोष्ट. भोंगा व्हायच्या आधी पाच मिनिटं आमची रांग लागायची, कॉम्प्रेसरपाशी. एकानं नळी धरायची, दुसऱ्यानं हात वर करून गोल गोल फिरायचं. डोकं, पाठ, खिसे, विजारीचे पाय, सगळीकडं हवा. आम्ही त्याला हवेची अंघोळ म्हणायचो. एकमेकांना गुदगुल्या व्हायच्या, शिव्या व्हायच्या, दिवसभराचा शीण जायचा. सरकारी माणसानं घरी स्वच्छ जावं, बायकापोरांत धूळ नेऊ नये, एवढाच त्यातला भाव. अण्णा तेव्हा शेडच्या बाहेर, लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभा असायचा. आमची रांग संपली की नळावर जाऊन अंगावरच्या कपड्यांसकट पाणी ओतून घ्यायचा, जानेवारीतसुद्धा. मग कपडे बदलून ओले कपडे तिथंच तारेवर टाकायचा. त्याची खाकी वर्कशॉपच्या गेटबाहेर कधी गेली नाही.

आणि दर सोमवारी मला विचारायचा, "सांगितलंस का तिला?"

मी म्हणायचो, "हो अण्णा, सांगितलं."

सांगितलं नव्हतं. काय सांगणार होतो? वर्कशॉपमधला एक म्हातारा तुझ्या धुण्याची चौकशी करतो, हे? घरी आई होती, भावकी होती, नवी नवरी होती. आणि खरं सांगायचं तर मला डिफेन्सच्या नोकरीचा ताठा होता. गावात जमिनी विकून लोक बुलेट घेत होते, पण खाकीला मान वेगळा. त्या खाकीत काहीतरी वाईट आहे हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगू?

माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडं सत्यनारायण होता, शेडमधल्या सगळ्यांना सांगितलं होतं. मला वाटलं हा येणार नाही, तर हाच सगळ्यात आधी आला, हातात केळ्यांची फणी. मी आत पाटाचं बघत होतो. अंगणातून आईचा आवाज आला म्हणून बाहेर धावलो. धुण्याच्या दगडापाशी माझी बायको भेदरून उभी. तिच्या हातातला माझा शर्ट अण्णानं हिसकावून घेतला होता आणि पाण्याच्या हंड्यात दाबून धरला होता. पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात. आई किंचाळत होती, पूजेचं पाणी बाटवलं म्हणून. अण्णाचे हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि तो हळू आवाजात बायकोला काहीतरी सांगत होता. मी त्याचं बखोट धरलं आणि फाटकाबाहेर काढलं. चार पाहुणे बघत होते, तरी काढलं. जाताना वळून म्हणाला, "ती झटकायलीय रे. तोंडासमोर धरून झटकायलीय."

मी तिला म्हटलं, "डोकं फिरलंय त्याचं. लक्ष देऊ नको."

केळी आम्ही प्रसादात घातली.

पुढं दोन आठवडे आमचं बोलणं बंद. मग एकदा नळावर दोघंच होतो, तेव्हा पंचा पिळता पिळता आपणहून बोलला. आधी तो बॉयलरकडं होता, वाफेच्या पाइपांना पांढरा लगदा आणि कापड गुंडाळायच्या कामावर. त्यातही हेच अॅस्बेस्टॉस. घरी जायचा तेव्हा मिशासुद्धा पांढऱ्या असायच्या. बायको हसायची म्हणे, पिठाच्या गिरणीत लागलात का. "पंधरा-सोळा वर्षं तिनं झटकली. मग तिला धाप लागायला लागली. मला काहीच नाही, मी ठणठणीत. सगळे म्हणायले, दमा आहे. शेवटाला एका डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, तुमची कापडं कोण धुतंय? तवा मला कळालं. ती आत खाटावर होती. मी आत गेलो, पण तिला काय सांगितलं नाही. चार दिवसांनी गेली." पंचा बांधला, आणि त्याच्या आडून म्हणाला, "म्हणून विचारतो. राग धरू नको."

एवढं ऐकल्यावर कुणीही माणूस घरी जाऊन बायकोला सांगेल. मी नाही सांगितलं. का, ते मला अजून सापडत नाही. सत्यनारायणाच्या दिवशी मी त्याला वेडा ठरवून बसलो होतो, आणि एकदा बायकोदेखत वेडा म्हटल्यावर तो बरोबर होता असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. एवढंच. दुसरं मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी त्यानं विचारलं, "सांगितलंस का?" मी म्हटलं, "हो."

अण्णा रिटायर झाला तेव्हा शाल-नारळ झालं. बोला म्हटल्यावर उठला, म्हणाला, "घरी गेल्यावर कापडं आधी भिजवायची," आणि खाली बसला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या. पुढं लायनर बदलले, बिनअॅस्बेस्टॉसचे आले. हवेची अंघोळही साहेबांनी बंद केली. मी रिटायर झालो, आम्ही सगळं विसरलो.

चार महिन्यांपूर्वी बायकोला जिना चढताना धाप लागायला लागली. आधी वाटलं वय झालं, मग वाटलं मोशीत रात्रंदिवस बांधकामं, त्या सिमेंटची धूळ. मुलगा चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे. तो म्हणाला, पप्पा, थांबायचं नाही, फोटो काढू. फोटो काढला, मग मोठ्या मशिनमधला काढला. डॉक्टर पोरसवदा बाई होती. छातीच्या आतल्या अस्तरावर जाड डाग आहेत म्हणाली, तुकडा काढून तपासावा लागेल. मग तिला, म्हणजे माझ्या बायकोला विचारलं, तुम्ही कुठल्या फॅक्टरीत होता का? ही म्हणाली, "न्हाई वो, मी घरीच. शेताला जायचे, तेवढंच." डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि मला जरा बाहेर या म्हणाल्या.

व्हरांड्यात उभं करून त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही कुठं कामाला होता?" मी सांगितलं. पुढचा प्रश्न त्या विचारणार हे मला त्यांच्या आधी कळलं. भिंतीला हात लावून उभा राहिलो.

त्यांनी तोच प्रश्न विचारला.

तुकडा काढून महिना होत आला. रिपोर्ट आधी इथं झाला, मग मुंबईला पाठवला, आता दसऱ्यानंतरच्या मंगळवारी येणार म्हणतात. मला झोप नाही. ती खोकली की मी मोजतो, आणि नाही खोकली तर ती श्वास घेतेय का ते बघतो. एकदा जेवताना मुलगा सहज म्हणाला, आमच्याकडं हवेच्या नळीनं अंग साफ करताना कुणी सापडला तर त्याच दिवशी गेटबाहेर काढतात. माझा घास हातातच राहिला. ही मला वाढत होती. म्हणाली, "काय झालं, भाजी खारट हाय का?"

शेवटी मी अण्णाचा नंबर शोधला. गावाकडं आहे, ऐंशीच्या पुढं, पुतण्याजवळ राहतो. पुतण्यानं फोन कानाला लावून दिला. मी मोठ्यानं सांगितलं, ब्रेक शेडमधला मी, मोशीचा. पलीकडं बराच वेळ नुसता श्वास. स्वच्छ, लांब श्वास, या वयात.

"सांगितलंस का तिला?"

तीस वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोललो. "नाही अण्णा."

तो रागावेल असं वाटलं होतं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "कशी आहे?" म्हणाला. मी सगळं सांगितलं, डाग, तुकडा, मंगळवार. तो म्हणाला, "रिपोर्टाच्या आधी सांग. मागून सांगशील तर तिला वाटंल, मरायला लागले म्हणून सांगायलाय. मी तेवढंसुद्धा केलं नाही." मग विचारलं, "तुझी कापडं अजून घरात आहेत का?"

आहेत. तेच तर सांगायचं राहिलं. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेती होती तेव्हा विळा-कुऱ्हाड, आता मुलाची गाडी, लॅपटॉप. माझी हत्यारं सरकारची होती, ती सरकारनं ठेवून घेतली. म्हणून बायको माझी जुनी खाकी पुजते. दरवर्षी ट्रंकेतून काढते, अंगणात नेऊन दोनदा झटकते, घडी घालून पाटावर ठेवते आणि हळद-कुंकू वाहते. हिच्यावर घर उभं राहिलं म्हणते. शेडमध्ये हवेची अंघोळ होती त्या काळातला जोड आहे तो, मी रिटायर होताना नव्यातला परत केला आणि हा जपून ठेवला.

काल खंडेनवमी होती. मी सकाळपासून ट्रंकेपाशी घुटमळत होतो. ती आली, झाकण उघडलं, शर्ट काढला आणि दाराकडं निघाली. मी आडवा झालो. "झटकू नको," म्हटलं.

"का?"

मी पलंगावर बसलो आणि सगळं सांगितलं. भुगा, हवेची अंघोळ, अण्णाची बायको, डॉक्टरबाईंनी व्हरांड्यात काय विचारलं ते. प्रत्येक सोमवार सांगितला. सांगताना तिच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून तिच्या हातातल्या शर्टाकडं बघत होतो. दुसऱ्या खिशाला तिनंच लावलेलं बटण होतं, जरा वेगळ्या रंगाचं.

तिचा जिना चढल्यासारखा श्वास चालला होता. मग म्हणाली, "मला ठावं हुतं की."

मी मान वर केली.

"त्या दिशी, हंड्यापाशी. त्यांनी सगळं सांगितलं मला. म्हणले, पोरी, माझी बायकू ह्याच्यानंच गेली, झटकू नगंस, आधी भिजव. हात जोडले त्यांनी मला." तिनं शर्टाची घडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग तुमी आलात. म्हणलात, डोकं फिरलंय त्याचं, लक्ष देऊ नको. न्हाई दिलं मी लक्ष."

रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचा हक्क नाही असं वाटून ते आतच ठेवलं. ती न्हाणीत गेली. बादली नळाखाली सरकवल्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आला. मी मागोमाग गेलो तर ती दारात उभी होती, शर्ट माझ्यापुढं धरून.

"घ्या," ती म्हणाली, "भिजवा आता."